खोकं फेकू नका! जुन्या दाढीच्या रेझरबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या सेफ्टी रेझरवर, म्हणजे पत्ती घालून वापरायच्या दाढीच्या मशीनवर, चार ओळी काय लिहिल्या, तर अमळनेरपासून शहाद्यापर्यंत घराघरातल्या ट्रंका उघडल्या गेल्या वाटतं, कारण पत्रं आणि फोटो अजून येतच आहेत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. "ताई, तुम्ही बाई असून हे दाढीचं सामान कशाला जमवता" हा प्रश्नसुद्धा बऱ्याच जणांनी विचारलाय, त्याचं उत्तर फैजपूरच्या ताईंच्या पत्राखाली दिलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या आबांची पत्र्याची ट्रंक आवरताना एक डबी सापडली, आत दाढीचं मशीन आहे, आणि त्यावर इंग्रजीत १५ नोव्हेंबर १९०४ अशी तारीख आहे. म्हणजे हे सव्वाशे वर्षांपूर्वीचं झालं ना? मोठा भाऊ म्हणतो लाखभर तरी येतील. खरं का? (अमळनेर)

उत्तर : भाऊंना सांगा जरा दम धरा. ती तारीख मशीन बनल्याची नाहीये, पेटंट मिळाल्याची आहे. किंग जिलेट नावाच्या अमेरिकन माणसाने पातळ पत्तीचा, पत्ती बदलता येणारा रेझर डोक्यातून काढला, विल्यम निकरसन नावाच्या इंजिनिअरने तो प्रत्यक्षात बनवून दाखवला, १९०३ मध्ये विक्री सुरू झाली आणि त्या पहिल्या वर्षात विकले गेले किती तर ५१ रेझर आणि १६८ पत्त्या! पेटंट आलं ते १५ नोव्हेंबर १९०४ ला, आणि मग पुढची कितीतरी वर्षं जो रेझर बाहेर पडेल त्यावर तीच तारीख छापत गेले. त्यामुळे १९१५ चा असो की १९२० चा, तारीख तीच दिसणार.

मग वय ओळखायचं कसं, तर आधी मशीन उघडा. वरची टोपी, मधली प्लेट आणि दांडी असे तीन सुटे भाग निघाले, प्लेटला कंगव्यासारखे दाते आहेत, आणि टोपीच्या आतल्या बाजूला मधोमध आट्याचा खिळा नि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खिळा आहे, म्हणजे एकूण तीन, तर तो बहुतेक जुना प्रकार, संग्राहक त्याला ओल्ड टाइप म्हणतात, साधारण १९२१ पर्यंतचा. यावर बहुतेक वेळा सिरीयल नंबर असतो, भिंग घेऊन शोधा. १९३० मध्ये जिलेटने पत्ती आणि डोकं दोन्ही बदललं. कारण गमतीचं आहे, रेझर हातातून पडला की टोपीचा कोपरा वाकायचा आणि मग त्या वाकड्या कोपऱ्याने माणूस दाढी करताना कापून घ्यायचा, म्हणून नव्या पत्तीचे कोपरेच छाटले. दात्यांच्या जागी सलग पट्टी असेल तर १९३८ पासूनचा टेक प्रकार बघा. आणि दांडीच्या खालची घुंडी फिरवल्यावर डोक्याच्या दोन पाकळ्या उघडत असतील तर ती पद्धत जिलेटच्या १९३४ च्या अ‍ॅरिस्टोक्रॅट मॉडेलपासूनची, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ ला सुपर स्पीड आला तो याच घराण्यातला. १९५० नंतरच्या अमेरिकन जिलेटवर डोक्याच्या खालच्या बाजूला एक अक्षर आणि एक आकडा असतो, अक्षर वर्षाचं आणि आकडा तिमाहीचा, ए म्हणजे १९५५, एफ म्हणजे १९६०, म्हणजे एफ १ असेल तर १९६० ची पहिली तिमाही. पण इंग्लंडात बनलेल्या बऱ्याच रेझरवर असा कोडच नसतो, आणि आपल्याकडच्या घरांतून निघतात ते जास्त करून इंग्लंडचेच, तेव्हा कोड नाही म्हणून नकली असं समजू नका.

आता लाखाचं. जुनं म्हणजे दुर्मिळ असं काही नसतं हो. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी एकट्या अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी ६० लाख पत्त्या घेतल्या होत्या, इतका माल जगभर पसरल्यावर नुसत्या ओल्ड टाइपला कोण लाख देणार? पण तुमच्या फोटोत मला मशीनपेक्षा जास्त आवडली ती डबीच्या तळाशी घडी घालून ठेवलेली वापराची चिठ्ठी. रेझर धातूचे, ते टिकतात. कागद, पुठ्ठा आणि पत्त्यांची पाकिटं लोक पहिल्याच दिवशी फेकतात. चिठ्ठीसकट, पत्त्यांसकट, मूळ डबीतला सेट असेल तर तो वेगळ्याच रांगेत जाऊन बसतो. ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा उघडून सगळ्या पाहुण्यांना दाखवू नका, घडीवर फाटेल, एकदा फोटो काढा आणि तो दाखवा.

प्रश्न : सासऱ्यांचा रेझर काळा पडलाय आणि आट्यांमध्ये हिरवं हिरवं जमलंय. पितळेचा दिसतो. चिंच लावून घासू की पितांबरी? (धुळे)

उत्तर : दोन्ही नको, प्लीज! देवाची भांडी आणि तांब्या-पितळेसाठी ते उत्तमच आहे पण रेझर दिसतो तसा नुसता पितळेचा नसतो, पितळेवर निकेलचा किंवा सोन्याचा अगदी पातळ थर असतो, तो एका घासण्यात निघून जातो आणि मग जे पिवळं चकचकीत दिसतं ते बघून घरचे खूश आणि जमवणारे कपाळावर हात मारतात. ब्रासोचंही तेच. काही स्वस्तातले रेझर तर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, त्यांच्यावर चिंच-लिंबू पडलं तर धातूलाच खड्डे पडतात.

कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि जुना मऊ टूथब्रश, एवढंच. उकळत्या पाण्यात टाकायचा नाही, विशेषतः ज्या रेझरच्या मानेवर १ ते ९ आकडे असतात त्या अ‍ॅडजस्टेबलला तर नाहीच, आकड्यांचा रंग सुटतो. हिरवं आहे ना तो कळंक, पातेल्याला कल्हई नसली की आतलं कळकतं तसाच, त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी टूथपिकने हळू काढा, सुई किंवा पिन नको. खोबरेल तेल घालू नका, काही दिवसांनी ते चिकट होतं आणि फिरणारी घुंडी अडकते. धुतल्यावर सुती कापडाने पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवा. दांडी पोकळ असेल तर उभी चीर गेलीये का तेही याच वेळी बघून घ्या, जुन्या दांड्या तिथेच जातात, मग आटे जोरात आवळायचे नाहीत.

आणि "नवीन मुलामा देऊन आणू का" असंही तुम्ही शेवटी विचारलंय. वापरायचा असेल तर द्या खुशाल, तुमचा रेझर आहे. पण संग्रहात ठेवायचा असेल तर माझं मत एकदम विरुद्ध आहे. सासऱ्यांच्या अंगठ्याने जिथे निकेल झिजलंय ती जागा कुठल्याही कारखान्यात पुन्हा बनवून मिळत नाही.

प्रश्न : वडील भुसावळला रेल्वेत होते, त्यांचा रेझर चामडी डबीत आहे, पण डबीचं चामडं सुटलंय, आतली मखमल फाटलीये आणि बिजागरी तुटलीये. आमच्या इथे एक जण बॅगा रिपेअर करतो, तो नवीन लाल मखमल लावून देतो म्हणतो. देऊ का करायला? (भुसावळ)

उत्तर : नका देऊ. कारागीर चांगलाच असेल पण तो डबी नवी करून देईल आणि तुम्हाला जुनी हवी आहे.

आत मखमलीवर दाबाचा ठसा दिसतोय का बघा बरं, वर्षानुवर्षं एकाच जागी रेझर राहिला की त्याच्या दांडीचा नि डोक्याचा आकार कापडात उमटतो. तो ठसा आणि तुमचा रेझर तंतोतंत जुळला तर हा सेट पहिल्यापासून एकत्र आहे याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा, कुठलंही सर्टिफिकेट लागत नाही. बाजारात कितीतरी सेट जुळवलेले असतात, एकाची डबी, दुसऱ्याचा रेझर, तिसऱ्याच्या पत्त्या, आणि ते ओळखायची पहिली जागा म्हणजे हीच खोबण. नवीन मखमल लावली की हा पुरावा कायमचा गेला.

चामडं सुटलंय तिथे फेव्हिकॉल नको, सेलोटेप तर अजिबात नको, सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात आणि चामड्यात मुरतो. गव्हाच्या पिठाची पातळ खळ करा, जुने बाईंडर वापरायचे तीच पण मोरचूद न घालता, बारीक ब्रशने लावा आणि वरून बटर पेपर ठेवून हलकं वजन ठेवा. खळ पुढे कधी ओली करून सोडवता येते हा तिचा फायदा. बिजागरी तुटली तर तुटली, सुती फितीने सैल बांधून ठेवा. डब्यांचेही काळ असतात बरं का, आधी चामडं मढवलेल्या लाकडी आणि धातूच्या, मग बॅकेलाइट या जुन्या कडक प्लास्टिकच्या, युद्धाच्या काळात धातू वाचवायला साध्या पुठ्ठ्याच्या, आणि पन्नाशीच्या दशकात पारदर्शक प्लास्टिकच्या. ती युद्धकाळातली गरीब पुठ्ठ्याची खोकी आज शोधून सापडत नाहीत, कारण कोणी जपलीच नाहीत.

वडिलांचा रेल्वेचा पास, बदलीची ऑर्डर, काही असेल तर डबीसोबतच एका लिफाफ्यात ठेवा. रेझर कोणाचा होता, कुठे वापरला, हे एका चिठ्ठीवर लिहा, पेन्सिलने, आणि चिठ्ठी डबीला चिकटवू नका.

प्रश्न : माझ्याकडे रेझर नाही पण पत्त्यांची रिकामी-भरलेली पाकिटं भरपूर आहेत, काकांचं किराणा दुकान होतं. टोपाझ, पनामा, भारत, सेव्हन ओ'क्लॉक वगैरे. याला कोणी विचारतं का, आणि कुठलं किती जुनं हे कसं कळणार? त्यावर सालच नाही. (चोपडा)

उत्तर : भाऊ, या महिन्यातलं सगळ्यात भारी पत्र तुमचं!! परदेशी रेझरांवर परदेशात ढिगाने माहिती आहे, आपल्या देशी पत्त्यांच्या पाकिटांकडे मात्र आत्ता कुठे लोक बघायला लागलेत. कलकत्त्याचे हरबंसलाल मल्होत्रा, त्यांचं टोपाझ, ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचं सुपर मॅक्स, ही नावं आपल्या कितीतरी घरांत आरशामागच्या खिळ्याला अडकवलेल्या पाकिटांवर होती. जिलेटवाल्यांचा इथला कारखाना पुष्कळ उशिराचा, १९८४ ला इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्स नावाने कंपनी निघाली आणि राजस्थानात भिवाडीला उत्पादन सुरू झालं, त्याआधी देशी पत्त्यांचंच राज्य.

साल छापलेलं नसलं तरी पाकीट बोलतं, फक्त आपण बारीक अक्षरं वाचायची. किंमत आण्यात असेल तर १९५७ च्या आधीचं धरायला हरकत नाही. किमतीत "नये पैसे" असेल तर १ एप्रिल १९५७ ते १९६४ या पट्ट्यातलं, कारण १ जून १९६४ पासून "नये" गेलं आणि नुसते पैसे राहिले. कारखान्याच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते १९७२ च्या १५ ऑगस्टनंतरचं, पिनकोड तेव्हाच सुरू झाला. "लोकल टॅक्सेस एक्स्ट्रा" असं असेल तर साधारण १९९० च्या आधीचं, नंतर सगळे कर धरून किंमत छापायचा नियम आला. पत्त्यात बॉम्बे आहे की मुंबई हेही बघा, १९९५ नंतर मुंबई.

आणि आता आपल्या खान्देशचा खास मुद्दा. काकांच्या दुकानाचा रबरी शिक्का काही खोक्यांवर असेलच. त्यात "जि. पूर्व खानदेश" असं असेल ना, तर सोनं आहे ते! १९०६ ला खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा नि पश्चिम खानदेशचा धुळे जिल्हा झाला. म्हणजे शिक्का वाचला की काळाचा अंदाज लागतो, शिवाय माल चोपड्यातच विकला गेला हेही सिद्ध होतं. लोक असे शिक्के खराबी समजून खोडरबराने पुसतात, कृपा करून तसं करू नका.

भरलेली पाकिटं उघडू नका. जुन्या पत्त्या साध्या कार्बन स्टीलच्या, मेणकागदात गुंडाळलेल्या असतात, हवा लागली की गंज धरतो. स्टेनलेसच्या पत्त्यांचा बोलबाला साठच्या दशकात विल्किन्सन स्वॉर्डच्या पत्तीपासून झाला. डझनाचं बाहेरचं खोकं, ज्यातून दुकानदार एकेक पाकीट काढून द्यायचा, ते एकही असेल तर आधी तेच बाजूला काढून ठेवा.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत एका माणसाकडे रेझर पाहिला, तो म्हणतो पूर्ण सोन्याचा आहे, वीस हजार. घेऊ का? (शहादा)

उत्तर : सोन्याचा नाही, सोन्याचं पाणी दिलेला. जिलेटचे सोनेरी दिसणारे रेझर म्हणजे पितळेवर पातळ मुलामा. सोनं म्हणून पैसे देऊ नका आणि खात्री करायची म्हणून सराफाला कसोटीवर घासूही देऊ नका, मुलामाच निघेल. टोपीच्या कडा आणि दांडीचा पकडायचा भाग बघा, नव्वद वर्षांच्या रेझरवर तिथे कुठेच झीज नसेल आणि कोरीव अक्षरांच्या कडा बुजल्यासारख्या गुळगुळीत असतील तर नंतर मुलामा दिलाय. भाव मात्र मी सांगणार नाही, पण विकणारा जितकं जास्त "अँटिक अँटिक" करेल तितका मला संशय येतो.

यात्रेपेक्षा भंगाराच्या दुकानात आणि आठवडे बाजारात जास्त मिळतं असा माझा अनुभव आहे, तिथे वजनावर जातं. आमच्या गल्लीतल्या आजी तर मला बघितलं की विचारतात, "माय, हाई काय भंगार गोळा करी राहिनी तू?" गावातल्या जुन्या सलूनमध्येही विचारा. तिथे सेफ्टी रेझर क्वचितच, न्हावी वस्तराच वापरायचे आणि आता पत्तीचा अर्धा तुकडा लावायचा उस्तरा वापरतात, पण पत्त्यांची जुनी खोकी आणि पत्र्याच्या जाहिराती माळ्यावर असू शकतात.

प्रश्न : रंगीत दांडीचा एक जुना रेझर आहे, उन्हाळ्यात कपाट उघडलं की कापरासारखा वास येतो. नॉर्मल आहे का? डांबरगोळ्या टाकल्या तर चालेल? (जळगाव)

उत्तर : दांडी सेल्युलॉइडची, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची असणार, त्यात कापूर असतोच. पण वास वाढलाय म्हणजे ती विघटन व्हायला लागली आहे, आणि त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शेजारच्या धातूला गंज चढतो. आजच बाकीच्यांपासून वेगळा काढा, बंद डब्यात नको, हवा लागेल असा कागदात ठेवा आणि स्टोव्ह, देवाचा दिवा यापासून लांब, सेल्युलॉइड भसकन पेटतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या घरात पारा जातो, लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर आत भट्टीच होते, तेव्हा कपाटाची जागा बदला. डांबरगोळ्यांनी प्लास्टिकच्या पारदर्शक डब्या खराब होऊ शकतात म्हणून नको. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि कसर लागते का ते बघत राहा.

प्रश्न : बायकांसाठी असे रेझर होते का हो पूर्वी? की सगळं पुरुषांचंच? (फैजपूर)

उत्तर : होते ना. १९१५ ला जिलेटने मिलेडी डेकोलेटे नावाचा छोटासा सोनेरी रेझर खास बायकांसाठी काढला, बिनबाह्यांच्या कपड्यांची फॅशन आली होती तेव्हा. माझा सगळा नाद त्याच्या फोटोपासून सुरू झाला, आणि तो काही अजून मला मिळालेला नाही. कोणाच्या आजीच्या पेटीत निघाला तर कळवा, विकू नका म्हणणार नाही मी!

प्रश्न : आजोबांचा रेझर रोज वापरला तर चालेल का? डब्यात त्यांच्याच पत्त्या आहेत. (बोदवड)

उत्तर : रेझर वापरा, पत्त्या नाही. जुन्या पत्तीवर न दिसणारा गंज असतो. आत्ता मेडिकलमध्ये किंवा किराण्यात मिळणारी साधी दुधारी पत्ती, मध्ये लांब खाच असलेली, ती १९०४ च्या रेझरमध्येही बसते. उलटं मात्र होत नाही, तीन भोकांची जुनी पत्ती १९३० नंतरच्या रेझरमध्ये बसत नाही. वापरायच्या आधी टोपीचे कोपरे वाकलेले नाहीत ना ते तपासा, पत्ती दोन्ही बाजूंनी सारखी बाहेर आली पाहिजे. दाबायचं नाही, रेझरच्या वजनानेच चालवायचा, आणि झाल्यावर सुटा करून पुसून ठेवायचा. पहिले काही दिवस गालावर एखाद-दुसरा काप पडेलच, तेव्हा घरात लग्नकार्य असेल तर ते उरकल्यावर सुरुवात करा.